कुत्र्याचा तुटलेला दात कशाने वाचतो? चुना, सिमेंट आणि पहिल्या ४८ तासांचं गणित

हाड किंवा दगड चावताना कुत्र्याचा दात तुटतो. दुसऱ्या दिवशी तो नेहमीसारखा जेवतो आणि घरचे निर्धास्त होतात. पण तुटलेल्या जागी लाल किंवा गुलाबी ठिपका दिसत असेल, तर वाट पाहणं महागात पडू शकतं.

हा ठिपका म्हणजे काय?

दाताच्या आत नसा आणि रक्तवाहिन्यांचा मऊ, जिवंत गाभा असतो. त्याला पल्प म्हणतात. तो उघडा पडला की तोंडातले जंतू थेट आत शिरतात. पल्प मरतो, मुळाशी पू होतो. वरची मोठी दाढ असेल, तर डोळ्याखाली सूजही येऊ शकते. आणि दुखत असलं तरी कुत्रा खाणं सोडेलच असं नाही.

उपचार कसा होतो?

पूर्ण भूल देऊन एक्स-रे काढतात. पल्पचा वरचा काही मिलिमीटर भाग काढून रक्त थांबवतात, त्यावर औषधी थर देतात आणि वरून फिलिंग करतात. यालाच व्हायटल पल्प थेरपी म्हणतात. लहान वयात ती जास्त महत्त्वाची, कारण पल्प मेला की दाताची वाढही थांबते.

थर कशाचा देतात?

*कॅल्शियम हायड्रॉक्साइड:* पानाला लावतात तो चुना रासायनिकदृष्ट्या हाच. तो जंतू मारतो आणि पल्पला नवा कठीण थर तयार करायला लावतो. पण काळानुसार विरघळतो.

*एमटीए:* १९९०च्या दशकात अमेरिकेतल्या लोमा लिंडा विद्यापीठात महमूद तोराबिनेजाद यांनी विकसित केलेलं हे साहित्य पोर्टलँड सिमेंटच्या कुळातलं आहे. ते ओलाव्यातही घट्ट बसतं. मात्र महाग असतं, सेट व्हायला काही तास घेतं आणि दात काळपट करू शकतं.

*बायोडेंटिन:* हेही त्याच जातीचं, पण साधारण १२ मिनिटांत सेट होतं.

फरक किती पडतो?

कुत्र्यांच्या १९० दातांवरचा एक अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात एमटीए वापरलेले ९२ टक्के दात वाचले, तर कॅल्शियम हायड्रॉक्साइडचे ५८ टक्के.

पण साहित्याइतकीच वेळही महत्त्वाची. तुटलेल्या सुळ्यांवरच्या २००१ च्या अभ्यासात ४८ तासांच्या आत उपचार झालेल्यांत यशाचं प्रमाण सुमारे ८८ टक्के होतं. आठवड्याभरात ते ४१ टक्क्यांवर आलं आणि तीन आठवड्यांपर्यंत २३ टक्क्यांवर.

मग करायचं काय?

त्याच दिवशी पशुवैद्यकाला फोन करा आणि दात नेमका कधी तुटला ते सांगा. तोवर कडक काही चावायला देऊ नका. घरातला चुना लावू नका. माणसांची वेदनाशामक गोळीही नको, ती कुत्र्याला विषारी ठरू शकते. उपचारानंतर साधारण सहा महिन्यांनी पुन्हा एक्स-रे काढावा लागतो.

उशीर झालाच, तर रूट कॅनाल किंवा दात काढणं हे पर्याय उरतात. तुटलेला दात तसाच सोडून देणं हा पर्याय नाही.