नोट घेणारा हात, पाव देणारा हात

गर्दीच्या वेळी वडापावच्या गाडीपाशी उभं राहून फक्त गाडीवाल्याच्या हातांकडे बघावं. झाऱ्यावरचा वडा परातीत पडतो न पडतो तोच दहाची नोट पुढे येते. तो ती उजव्या हाताने घेतो, गल्ल्याच्या डब्यात टाकतो, खांद्यावरच्या फडक्याला बोटं पुसतो आणि त्याच अंगठ्याने पाव उकलतो. मग चिमटीने लसणाची चटणी. यात वड्याची काळजी नाही, कारण उकळत्या तेलातून आलेल्या वड्यावर जंतू जगत नाहीत. काळजी आहे ती पुढे हाताने होणाऱ्या कामाची. पाव, चटणी, भेळेवरचा कच्चा कांदा, पाणीपुरीची अंगठ्याने फोडलेली पुरी, यातलं काहीच पुन्हा विस्तवावर चढत नाही.

आपल्या नोटेचा कागद कापसाच्या लगद्याचा असतो. तो घाम, तेल, धूळ सगळं शोषून घेतो. त्यात आपण थुंकी लावून नोटा मोजतो, कनवटीला लावतो, घामेजल्या खिशात कोंबतो. दिल्लीतल्या जीनोमिकी आणि समवेत जीवविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी १०, २० आणि १०० रुपयांच्या नोटा तपासल्या. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ७८ रोगकारक सूक्ष्मजीवांच्या खुणा सापडल्या. प्रतिजैविकांना दाद न देणारी जनुकंही होती. पण हा अभ्यास डीएनए वाचून केलेला होता, आणि डीएनएवरून जंतू जिवंत होता की मेलेला, ते कळत नाही. त्यामुळे ७८ हा आकडा ऐकून नोटेला हातच लावायचा नाही, असं ठरवण्याचं कारण नाही. त्याआधी, २०१० मध्ये, दहा देशांतल्या खाद्यपदार्थांच्या दुकानांतून गोळा केलेल्या १,२८० नोटांचा अभ्यास प्रसिद्ध झाला होता. जुन्या, मळक्या नोटांवर जंतू जास्त आणि प्लास्टिकच्या नोटांवर कमी, असं त्यात दिसलं.

कोरड्या नोटेवर जंतू तग धरून राहतात, पण तिथे त्यांची वाढ होत नाही. वाढायला त्यांना ओल, ऊब आणि अन्न लागतं. ओल्या बोटांनी नोट धरली आणि तीच बोटं चटणीच्या भांड्यात गेली, की तिन्ही गोष्टी एकदम मिळतात. अनुकूल परिस्थितीत ई. कोलायसारखा जंतू साधारण वीस मिनिटांत दुप्पट होतो. दुपारी बाराला उघडं ठेवलेलं भांडं संध्याकाळी सहापर्यंत वापरात असतं, हे ध्यानात घ्या. माणसाच्या नाकात आणि त्वचेवर राहणारा स्टॅफिलोकोकस तर अन्नात विष सोडतो. अन्न नंतर उकळलं तरी ते विष नष्ट होत नाही. खाल्ल्यावर काही तासांतच उलट्या सुरू होतात.

हातमोजे घातले म्हणून भागतं, असं मला वाटत नाही. त्याच मोज्याने नोट घेतली आणि पाव दिला, तर गिऱ्हाईक निर्धास्त होतं एवढंच. तेलकट हातावर सॅनिटायझर नीट काम करत नाही, तिथे साबण आणि पाणीच हवं. फडकं तर दिवसभर ओलं, त्यामुळे ते एका हाताची घाण दुसऱ्या हाताला लावतं. यूपीआयमुळे नोटांची देवाणघेवाण कमी झाली, हे चांगलंच झालं. पण दहा-वीस रुपयांचं गिऱ्हाईक आजही बऱ्याचदा रोखीनेच पैसे देतं.

गाडीवर दोघं असतील तर एकाने फक्त गल्ला सांभाळावा. एकटाच असेल तर पैशांसाठी डबा पुढे ठेवावा. गिऱ्हाइकाने त्यात नोट टाकावी, सुट्टे स्वतःच उचलावेत. चटणीला चमचा, कांद्याला चिमटा. याला खर्च जवळपास नाही.

हात धुणं मात्र एकट्या गाडीवाल्याच्या हातात नाही. सकाळी भरून आणलेल्या एका कॅनमधून तो कांदा धुणार, भांडी विसळणार, की प्रत्येक नोटेनंतर हात धुणार? २०१४ च्या पथविक्रेता कायद्यात विक्री क्षेत्रातल्या नागरी सुविधांसाठी विक्रेत्यांनी देखभाल शुल्क भरावं, अशी तरतूद आहे. शुल्क घ्यायचं तर आधी तिथे वाहत्या पाण्याचा नळ द्यायला हवा. नगरसेवकाकडे रस्ता आणि दिव्यांसाठी अर्ज घेऊन जाताना आपण खाऊगल्लीतल्या या नळाचाही अर्ज सोबत न्यावा.