सॉफ्टनर बसवला, पण मीठ कोण घालणार?

धाराशिव जिल्ह्यात ज्यांच्या घरी बोअरचं पाणी आहे, त्यांना तोटीवरचा पांढरा थर काही नवा नाही. साबणाला फेस येत नाही, गिझरची कॉइल टिकत नाही, वजूच्या लोट्यावरही डाग पडतात. म्हणून आम्ही सॉफ्टनर बसवला. सहा महिन्यांत पुन्हा तोच थर! मेकॅनिकने आल्या आल्या विचारलं, "सर, मीठ कधी घातलं होतं?" आम्ही सगळे एकमेकांकडे बघू लागलो.

मीठ कशाला लागतं?

कॅल्शियम आणि मॅग्नेशियमच्या क्षारांमुळे पाणी जड, म्हणजे दुष्फेन होतं. सॉफ्टनरमध्ये रेझिनचे बारीक मणी असतात. ते हे क्षार धरून ठेवतात आणि बदल्यात सोडियम सोडतात. सोडियम संपलं की मशीन असून नसल्यासारखं. मिठाचं पाणी फिरवलं की मणी पुन्हा कामाला लागतात.

किती दिवसांनी?

एक लिटर रेझिन ढोबळमानाने ५० ग्रॅम क्षार धरतं. रेझिन २५ लिटर असेल, तर १२५० ग्रॅम. पाण्याचा जडपणा लिटरला ५०० मिलिग्रॅम असेल, तर २५०० लिटरनंतर मीठ हवं. रोज ५०० लिटर वापर म्हणजे दर पाच दिवसांनी. आपल्या पाण्याचा जडपणा तपासून घ्या आणि तारखा कॅलेंडरवर लिहा.

हाताने चालणाऱ्या मशीनची पद्धत

१. आधी बॅकवॉश: पाणी स्वच्छ येईपर्यंत, साधारण दहा मिनिटं. हे पाणी खारट नसतं. बादलीत धरून संडासात वापरा.

२. २५ लिटर रेझिनला साधारण ४ किलो खडे मीठ. किलोला नऊ-दहा लिटर पाणी घेऊन पूर्ण विरघळवा आणि गाळून घ्या. आयोडिनचं बारीक मीठ नको.

३. हे पाणी अर्ध्या तासात सावकाश आत जाऊ द्या. घाई केली तर मीठ वाया जातं.

४. खारटपणा जाईपर्यंत धुवा, मगच घरात पाणी सोडा.

ऑटोमॅटिक मशीन असेल तर मिठाच्या टाकीत डोकावत जा. वर कडक थर धरला असेल तर लाकडी काठीने हलकेच फोडा. वर्षातून एकदा टाकी रिकामी करून तळाचा गाळ काढा. आत ॲसिड कधीच ओतू नका. बोअरच्या पाण्यात लोह असेल तर मणी तांबूस होऊन लवकर निकामी होतात, मेकॅनिकला दाखवा.

दोन गोष्टी विसरू नका

आम्ही नियमाने मीठ घालू लागलो आणि मग लक्षात आलं, बीपीच्या गोळ्या घेणाऱ्या आमच्या अम्मी त्याच नळाचं पाणी पीत होत्या. "मशीनचं आहे, चांगलंच असणार की!" असं त्यांचं म्हणणं. पण ५०० जडपणाचं पाणी मऊ होताना लिटरमागे सुमारे २३० मिलिग्रॅम सोडियम वाढतं. शिवाय सॉफ्टनर जंतू मारत नाही, नायट्रेट किंवा फ्लोराईडही काढत नाही. पिण्यासाठी आणि तान्ह्या बाळाच्या दुधासाठी सॉफ्टनरच्या आधीचा वेगळा नळ ठेवा आणि ते पाणी तपासून, शुद्ध करून घ्या. आम्ही त्याच आठवड्यात प्लंबर बोलावला.

दुसरं, मिठाचं पाणी झाडांना किंवा बोअरजवळच्या शोषखड्ड्यात सोडू नका. आपली काळी जमीन सोडियमने कडक होते आणि मुरलेलं मीठ उद्या आपल्याच, नाहीतर शेजाऱ्याच्या बोअरमध्ये येतं. ते सरळ गटारीत जाऊ द्या.