‘नैवेद्य’ आणि करिंथचे मांस

करिंथ येथील ख्रिस्ती मंडळीला पौलाने इ.स. ५५ च्या सुमारास लिहिलेल्या पहिल्या पत्रातील अन्नविषयक वाद मराठी वाचकाला धूसर भासतो. याचे एक कारण भाषांतरात आहे. प्रचलित अनुवादात ‘मूर्तीला दाखवलेला नैवेद्य’ असा शब्दप्रयोग येतो. मूळ ग्रीक ‘एइदोलोथुतोन’ हा शब्द ‘मूर्ती’ आणि ‘बळी देणे’ यांपासून सिद्ध झाला आहे. बोकडाचा नैवेद्य महाराष्ट्राला अपरिचित नाही. पण तो प्रसाद म्हणून वाटला जातो, विकला जात नाही. करिंथमध्ये बळीचे मांस बाजारातही येई आणि पेच तेथेच होता.

गेर्ड टाइसेन यांनी १९७५ मध्ये या पेचाचा वर्गीय अर्थ लावला. संपन्नांच्या पानात मांस नित्याचे, गरिबांना ते मुख्यतः सार्वजनिक उत्सवातच मिळे. म्हणून गरिबांच्या मनातून मांस आणि देवता यांची सांगड सुटेना. पत्रातील ‘दुर्बळ’ ते हेच, हे अनुमान सर्वमान्य नसले तरी पटण्याजोगे आहे.

पौलाने दिलेला निर्वाळा स्थळानुसार बदलतो. बाजारातले मांस चौकशी न करता घ्यावे. यजमानाकडे वाढलेले खावे, मात्र ते बळीचे असल्याचे कोणी सांगितल्यास, सांगणाऱ्याच्या विवेकबुद्धीसाठी, वर्ज्य करावे. देवतेच्या पंक्तीस बसू नये. ही सवलत इतरत्र टिकली नाही. ‘डिडाके’ हा आचारग्रंथ असे मांस सरसकट निषिद्ध ठरवतो, तर ‘प्रकटीकरणा’त ते खाण्याची शिकवण खपवून घेतल्याबद्दल पर्गम व थुवतीरा येथील मंडळ्यांची कडक शब्दांत कानउघाडणी आहे.