विश्लेषण : आर्द्रा नक्षत्रातला तारा का मंदावला होता? हवामान उपग्रहाने काय सांगितले?

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात सूर्य आर्द्रा नक्षत्रात जातो, तेव्हा शेगाव परिसरात कापूस-सोयाबीनच्या पेरणीसाठी सगळ्यांचे डोळे आभाळाकडे लागलेले असतात. हे नक्षत्र ज्यावरून ओळखले जाते तो काक्षी, म्हणजेच बीटलज्यूज तारा, २०१९च्या अखेरीस मंदावू लागला. आता त्याचा स्फोट होणार, अशी चर्चा जगभर झाली. कोडे सुटायला मदत झाली ती ढगांवर नजर ठेवणाऱ्या एका उपग्रहाची.

नेमके काय घडले?

काक्षी हा आयुष्याच्या अखेरच्या टप्प्यातला तांबडा महाराक्षसी तारा. त्याचे तेज साधारण ४०० दिवसांच्या चक्रात कमी-जास्त होतच असते. पण फेब्रुवारी २०२० मध्ये ते नेहमीच्या जेमतेम ४० टक्क्यांवर आले. पुढच्या काही महिन्यांत तारा पुन्हा उजळला.

धूळ ‘दिसते’ कशी?

असे तारे आपला वायू अवकाशात फेकतात. दूर जाऊन तो थंड झाला, की त्यातून वाळूसारख्या सिलिकेटचे अतिसूक्ष्म कण बनतात. ही धूळ ताऱ्याचा प्रकाश अडवते, स्वतः तापते आणि अवरक्त किरण सोडते. चुलीवरून उतरवलेला तवा लाल दिसत नाही, पण हात जवळ नेला की धग लागते, तसेच हे. सिलिकेट धुळीची खूण १० मायक्रॉन तरंगलांबीच्या आसपास मिळते.

हवामान उपग्रहाचा संबंध काय?

हवेतले बाष्प बरेचसे अवरक्त किरण अडवते. शिवाय काक्षी वर्षातले काही महिने सूर्याच्या उजेडात हरवतो. जपानचा हिमावारी-८ उपग्रह तेव्हा सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवरून दर १० मिनिटांनी पृथ्वीची छायाचित्रे घेत असे. त्यांच्या कडेला काही तारेही टिपले जात. टोकियो विद्यापीठाच्या संशोधकांनी अशा साडेचार वर्षांच्या नोंदी तपासल्या. त्यांचा २०२२ मधील निष्कर्ष असा : ताऱ्याचा पृष्ठभाग सुमारे १४० अंशांनी थंडावला होता आणि समोर धूळही जमली होती. मंदावण्यात दोन्हींचा वाटा जवळपास सारखाच होता.

महाराष्ट्राचा वाटा कोणता?

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने बनवलेला ‘टिरकॅम-२’ हा अवरक्त कॅमेरा उत्तराखंडमधील देवस्थळच्या ३.६ मीटर दुर्बिणीवर वापरला जातो.

मग स्फोट कधी?

स्फोट अटळ आहे, पण त्याला एक लाख वर्षेही लागू शकतात. तारा मंदावणे ही स्फोटाची सूचना नव्हती, हे धुळीने दाखवून दिले. जुन्या ताऱ्यांनी उधळलेल्या अशाच धुळीपासून पृथ्वीसारखे खडकाळ ग्रह घडले. पेरणीची काळी मातीही त्याच साखळीतली.

तो कधी पाहता येईल?

जूनमध्ये नाही, तेव्हा सूर्य त्याच्या जवळ असतो. जानेवारीत अंधार पडल्यावर पूर्वेकडे मृगातील बाणाचे तीन तारे शोधा. त्यांच्या उत्तरेकडचा ठळक तांबूस तारा म्हणजे काक्षी. साध्या डोळ्यांनीही तो सहज दिसतो.