धंदा आपला, पण जीव रमत नाही तेव्हा

 

आज मी कर्जाचं बोलणार नाही, नवीन योजनेचंही नाही. गटाच्या वहीत ज्याला रकाना नाही, अशा गोष्टीचं बोलणार आहे. धंदा चालू आहे, गिऱ्हाईक आहे, हप्ताही वेळेवर जातो. आणि तरी सकाळी उठून त्या कामाला हात लावावासा वाटत नाही.

माझंच सांगते. मी वर्षाची चटणी करून देते. आपल्याकडं चटणी म्हणजे काय हे सातारा-सांगलीत कुणाला सांगायला नको. बारा वर्षं झाली. तीन वर्षांमागं ऐन चैत्रात मिरचीचं पोतं दारात येऊन पडलं आणि माझ्या मनात आलं, आज कुणी ऑर्डर रद्द केली तर किती बरं होईल! मला माझीच भीती वाटली. याच चटणीवर लेकीचं नर्सिंगचं शिक्षण झालं होतं. आमचे हे म्हणाले, दृष्ट लागली. जाऊबाई म्हणाल्या, अंगात आळस भरलाय. दोन्ही खरं नव्हतं. खरं काय होतं ते मला एकदम नाही, तुकड्या-तुकड्यानं कळलं.

पहिला तुकडा वहीत सापडला. तुमच्याही धंद्याला लावून बघता यावा म्हणून तो आकड्यांत सांगते. आकडे सोयीसाठी गोल धरलेत.

समजा १० किलो चटणी केली. मिरची, धने, खोबरं, तीळ, खडा मसाला, कांदा, लसूण, तेल, डंकाची कांडपाई, पिशव्या, सगळं धरून किलोला ४३० रुपये खर्च. विकली ५०० नं. म्हणजे किलोमागं ७० आणि १० किलोला ७०० सुटले. मी इतकी वर्षं यालाच नफा म्हणत होते. पण देठ खुडायला, मिरची वाळवायला, मसाला भाजायला, डंकावर नंबर लावून बसायला आणि भरून द्यायला माझे पुरे दोन दिवस जात होते. त्या दोन दिवसांची मजुरी कुठं होती? खुरपायला गेले असते तर जे मिळालं असतं तेवढं तरी धरायला हवं ना? दिवसाला ४०० धरले तर दोन दिवसांचे ८००. खर्च ४,३०० आणि मजुरी ८००, झाले ५,१००. म्हणजे एक किलो मला ५१० ला पडत होती आणि मी ती ५०० ला देत होते. माझ्याच घामातले १० रुपये दर किलोमागं गिऱ्हाइकाला वाटत होते.

आता यात उधारी घाला. १० किलोतली फक्त २ किलो कुणी उधारीवर नेली आणि पैसे बुडाले, तर हातात ४,००० आले आणि गेले ४,३००. दोन दिवस डोळ्यांची आग, हातांची आग, आणि वर ३०० रुपये पदरचे. असं चार वर्षं चाललं तर माणसाचा जीव त्या कामात रमेल कसा? आपल्याला वाटतं मन उतरलं. पुष्कळ वेळा मनानं हिशोब आधी केलेला असतो, वही मागून येते.

लिज्जत पापडाचं नाव सगळ्यांनी ऐकलंय. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईत गिरगावातल्या एका गच्चीवर सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन ते काम सुरू केलं, एवढं बहुतेक जणी सांगतात. मला त्यातलं मोलाचं वाटतं ते वेगळंच आहे. तिथं पापड लाटणाऱ्या बहिणीला लाटणावळ मिळते, जितकं लाटलं तितकी. हंगाम संपल्यावर उरलं तर देऊ, असं नाही. आपण घरी एकटीनं धंदा करतो तेव्हा मालकीणही आपण आणि मजूरही आपणच. मग मालकीण मजूर बाईला फसवते आणि दोघींनाही ते कळत नाही.

मी वहीत पहिली ओळ माझ्या मजुरीची घातली. भाव ५४० केला. तोंडातून आकडा निघेना, म्हणून पाटीवर लिहून दाराला लावला. निम्मे पैसे आधी घेतल्याशिवाय मिरची भिजली-वाळली तरी हात लावायचा नाही, असं ठरवलं. ज्यांना भाव जड वाटला त्यांना म्हटलं, मिरची-मसाला तुमचा आणा, मी फक्त करणावळ घेते. हे तर मला जास्तच सोयीचं पडलं, कारण त्यात माझं भांडवल अडकत नाही. चार घरं तुटली. त्यातली दोन पुढच्या हंगामाला परत आली. बाकीची दोन जुनी उधारी असलेलीच होती, तेव्हा त्यांचं मी मनाला लावून घेतलं नाही. खोटं कशाला बोलू, एका घराचं थोडं लावून घेतलं, ती माझी मावशी होती.

हिशोब असा सुटला. पण जीव काही लगेच रमला नाही. पैसे दिसू लागले तरी चैत्र आला की पोटात गोळा यायचाच.

मग एकदा गटात आमच्यातल्या सगळ्यात म्हाताऱ्या आजींनी विचारलं, “पोरगी लागली की गं कामाला. आता कुणासाठी कुटतीस चटणी?” सगळ्या हसल्या. मीही हसले, पण घरी येईपर्यंत तोच प्रश्न डोक्यात होता. लेकीची फी हे माझं कारण होतं. शेवटची फी भरली त्या दिवशी ते संपलं. धंदा मात्र तसाच पुढं चालत राहिला, बैल सोडल्यावर उतारावर गाडी घरंगळते तसा. कारण संपल्याचं कुणी मला सांगितलं नाही, आणि मलाही कळलं नाही.

इथं म्हसवडची गोष्ट आठवते. माण तालुक्यात १९९७ साली चेतना गाला सिन्हा आणि गावातल्या बायकांनी माणदेशी महिला सहकारी बँक सुरू केली, हे आपल्या भागात नवीन नाही. पण ती बँक कशावरून सुचली? रस्त्याकडेला राहून लोहारकाम करणाऱ्या एका बाईला रोजचे थोडे पैसे साठवायचे होते. रक्कम लहान म्हणून बँका खातं उघडेनात. आणि तिला पैसे कशाला हवे होते? पावसाळ्याआधी प्लास्टिकचा कागद घ्यायला, लेकरं भिजू नयेत म्हणून. एवढंच तिचं कारण. पुढं रिझर्व्ह बँकेनं पहिला अर्ज नाकारला, कारण बऱ्याच सभासद बायका अंगठ्याच्या होत्या. तेव्हा त्या अक्षरं शिकल्या, काही महिन्यांनी परत गेल्या, आणि तोंडी व्याज काढून दाखवायची तयारी साहेबांपुढं ठेवली. परवाना मिळाला.

भाषणात या गोष्टीचं फार मोठं काही करून सांगतात. मला त्यातला प्लास्टिकचा कागद आवडतो. त्याची किंमत ठरलेली आहे, त्याला पावसाची तारीख आहे, आणि तो कुणाच्या डोक्यावर येणार हे ठाऊक आहे. “कुटुंबाची प्रगती” असं कारण घेऊन पहाटे पाचला कुणी उठत नाही.

म्हणून आम्ही गटात एक केलं. हप्ते गोळा झाले की दहा मिनिटं जास्त बसायचं आणि प्रत्येकीनं एकच सांगायचं, यंदा धंदा कशासाठी. पहिल्या वेळी निम्म्या जणी “घरासाठी” म्हणाल्या. आजींनी त्यांना परत विचारलं. शिलाई करणारी म्हणाली, मशीनला मोटर बसवायचीय, पाय मारून गुडघे गेले. बांगड्यावाली म्हणाली, बाजारात गटाराच्या कडेला बसते, मला झाडाखालची जागा हवी. एक जण तर म्हणाली, मला हे पापड बंद करायचेत, माझा जीव शेळ्यांत आहे. तिनं दोन महिन्यांत पापडाचं सामान विकलं. लाजायचं काही कारण नव्हतं, कर्ज फिटलेलं होतं. धंदा बंद करणं हेही धंद्यातलंच एक काम आहे, फक्त ते देणं उरकून आणि हिशोब मिटवून करायचं.

त्या दहा मिनिटांचा आणखी एक उपयोग झाला, जो मी धरलाच नव्हता. घरी बसून धंदा करणारी बाई फार एकटी असते. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये आठवड्याचे बाजार बंद पडले तेव्हा बऱ्याच जणींच्या लक्षात आलं की बाजारात आपण नुसता माल विकत नव्हतो, चार माणसांशी बोलतही होतो. आता डंकावर मी एकटी जात नाही. दोघी-तिघी एका दिवशी जातो, रिक्षाभाडं वाटून घेतो आणि नंबर येईपर्यंत बोलून घेतो.

एक मात्र नीट ऐका. नकोसं वाटणं कामापुरतं असेल तर वरचं सगळं चालेल. पण रात्र-रात्र झोप नाही, अन्न जात नाही, लेकराबाळांतही मन लागत नाही, जगणं नको वाटतं, असं पंधरा दिवस राहिलं तर तो धंद्याचा प्रश्न नाही, आजार आहे आणि त्याला औषध आहे. ग्रामीण रुग्णालयात किंवा जिल्हा रुग्णालयात दाखवा. सरकारची टेलिमानस नावाची फोनसेवा आहे, नंबर १४४१६. रात्री-अपरात्री लावला तरी चालतो, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. गटात कुणी अशी गप्प बसलेली दिसली तर नंबर नुसता देऊ नका, तिच्याजवळ बसून लावून द्या.

माझं नवीन कारण विचाराल तर हसाल. मी अजून समुद्र पाहिलेला नाही. गणपतीपुळ्याला दोन दिवस जायचं, मी आणि आजी, आमच्या चटणीच्या पैशातून. किलोमागं १० रुपये वेगळ्या डब्यात टाकते. परवा मोजले तर १,८५० झाले होते. आजी रोज विचारतात, किती झालं गं?