स्टीअरिंग सरळ आहे, पण गाडीला पटलंय का?

अलाइनमेंट झालं, बिल भरलं, स्टीअरिंग अगदी नाकासमोर सरळ... आणि तरी डॅशबोर्डवर घसरणाऱ्या गाडीचं ते पिवळं चित्र पेटलेलंच! मंडळी, याचा एक अर्थ असा असू शकतो: तुमच्या मते चाकं सरळ आहेत, गाडीच्या मते अजून नाहीत.

स्टीअरिंगच्या दांड्यावर एक छोटा सेन्सर असतो, स्टीअरिंग अँगल सेन्सर. तुम्ही स्टीअरिंग कुठल्या बाजूला आणि किती अंश फिरवलं, एवढंच तो सांगतो. दुसरा सेन्सर गाडी प्रत्यक्षात किती वळतेय ते मोजतो. दोघांचं जुळलं नाही की ‘ईएससी’ जागं होतं आणि एकेका चाकाला वेगळा ब्रेक लावून गाडी सावरतं. बॉशची ही यंत्रणा १९९५ मध्ये मर्सिडीजच्या एस-क्लासमध्ये आली तेव्हा ती श्रीमंतांची चैन होती. १९९७ मध्ये स्वीडनमधल्या चाचणीत छोटी ए-क्लास उलटली आणि मर्सिडीजने तिलाही ही यंत्रणा दिली. आपल्याकडे २०२३ मध्ये सुरू झालेल्या भारत एनकॅपमध्ये तीन किंवा जास्त स्टार हवे तर ईएससी लागतंच.

त्याची किंमत कळते शिरूर-दौंडसारख्या रस्त्यावर. न्हावरा, भीमा ओलांडून चौफुला, पुढे पाटसवरून दौंड. ऊसतोडणीच्या दिवसांत रात्री इथून जाऊन बघा! टेललाइट नसलेली उसाची ट्रॉली अंधारातून एकदम समोर येते. तुम्ही खाडकन स्टीअरिंग मारता, रस्त्याच्या कडेला माती... त्या क्षणी ईएससी सेन्सरवर विसंबून असतं. सेन्सरचं शून्यच चुकलेलं असेल, तर यंत्रणा एक तर दिवा लावून रजेवर जाते, नाही तर नको तिथे ब्रेक लावते.

माझ्या गाडीत टाय रॉड बदलल्यावर हा दिवा लागला. शिरूरच्या एका छोट्या गॅरेजात दाखवली. मेकॅनिकने आधी टायरमधली हवा तपासली, मग अलाइनमेंट. गाडी सपाट जागी, चाकं सरळ. डॅशबोर्डखालच्या सॉकेटमध्ये स्कॅनर लावला आणि मला स्क्रीन दाखवली. स्टीअरिंग सरळ, आकडा मात्र सहा अंश! ‘‘साहेब, आता स्टीअरिंगला हात लावू नका,’’ म्हणत त्याने झीरो कॅलिब्रेशन दिलं. इग्निशन बंद, पुन्हा चालू. आकडा शून्यावर, दिवा गायब. मग रांजणगावपर्यंत टेस्ट ड्राइव्ह. जिथे नेक्सॉन आणि कंपास तयार होतात, तेच रांजणगाव!

पण एक लक्षात घ्या, बॉस. कॅलिब्रेशन हा अलाइनमेंटला पर्याय नाही. गाडी एका बाजूला ओढत असताना नुसतं शून्य सेट केलं, तर दुखणं तसंच राहतं आणि त्यावर पांघरूण पडतं. क्रम एकच: आधी अलाइनमेंट, मग शून्य.

स्टीअरिंग खोललं, टाय रॉड बदलला किंवा अलाइनमेंट केलं, की सेन्सरची आठवण ठेवा. काही गाड्यांत बॅटरी काढल्यावरही दिवा लागतो. मग स्टीअरिंग पूर्ण डावीकडे-उजवीकडे फिरवून किंवा थोडं सरळ चालवून गाडी स्वतःच शिकते. तुमच्या गाडीला काय लागतं, ते मॅन्युअलमध्ये बघा.

आणि पुढच्या वेळी अलाइनमेंटचं बिल भरण्याआधी एवढंच विचारा, ‘‘दादा, सेन्सरचं रीडिंग दाखवता का?’’