बंद कारखान्याच्या जमिनीवर प्लॉट घेताय? आधी हे समजून घ्या

शिरूरहून चौफुल्याकडे निघालं की वाटेत न्हावरे लागतं. इथला घोडगंगा सहकारी साखर कारखाना गेले काही हंगाम बंद पडलेला. दौंड तालुक्यात पाटसचा भीमा कारखानाही असाच थांबला होता. 2022 मध्ये निराणी समूहाने तो भाड्याने घेतला आणि पुन्हा गाळप सुरू झालं. शेजारच्या हवेलीतल्या थेऊरच्या ‘यशवंत’चं मात्र वेगळं झालं. 2011 पासून बंद असलेल्या या कारखान्याची सुमारे 99 एकर जमीन पुणे बाजार समितीला 299 कोटींना विकायचं ठरलं आणि सभासदांतच दोन तट पडले.

जमीन विकली तर कुणाच्या वाट्याला काय येतं? याचं उत्तर मुंबईच्या गिरण्यांकडे आहे. गिरण्यांच्या साचाखात्यात मदनपुरा-भायखळ्याचे मुस्लिम विणकर मोठ्या संख्येने होते. जानेवारी 1982 च्या संपानंतर एकेक गिरणी बंद होत गेली. 1991 मध्ये नियम आला, विकास नियंत्रण नियमावलीतला 58 वा: गिरणीच्या जमिनीचा एक तृतीयांश भाग महापालिकेला मैदान-बागेसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी, उरलेला मालकाला. ऐकायला न्याय्य. पण 2001 मध्ये ‘मोकळी जमीन’ या शब्दांचा अर्थच बदलला. गिरणीची इमारत पाडून जी जागा रिकामी होईल ती वाटणीतून वगळली. आधीपासून मोकळी होती तेवढीच वाटायची. आता गिरणीत मोकळी जागा असते किती? सर्वोच्च न्यायालयाने 2006 मध्ये हा बदल कायम ठेवला. टॉवर आणि मॉल उभे राहिले. कामगारांच्या घरांची पहिली मोठी सोडत निघाली 2012 मध्ये, 6,925 घरांची. अर्जदार लाखाच्या वर होते. एका शब्दाच्या व्याख्येने एवढं केलं!

म्हणून आपल्याकडे जमीन विकायचा ठराव सर्वसाधारण सभेत आला, तर सभासदाने त्यातला शब्द न् शब्द वाचावा. बँकेचं कर्ज, कामगारांची थकबाकी, शेतकऱ्यांची ऊसबिलं कोणत्या क्रमाने फिटणार, ते लेखी मागावं.

प्लॉट घेणाऱ्याचं वेगळं. सातबाऱ्यावरचा ‘इतर हक्क’ रकाना आधी बघा, बँकेचा बोजा तिथेच दिसतो. बिगरशेती आदेशाची प्रत मागा. जमीन 500 चौरस मीटरपेक्षा मोठी असेल तर महारेरा नोंदणी लागते. एजंट ‘नंबर येणारच आहे’ म्हणाला तर नंबर येईपर्यंत बयाणा देऊ नका. रांजणगाव किंवा कुरकुंभ एमआयडीसीतला भूखंड असेल तर तो सहसा 95 वर्षांच्या भाडेपट्ट्यावर असतो, आणि तो ठरलेल्या वापरासाठीच दिलेला असतो.

कुरकुंभला रासायनिक कारखाने जास्त. अशा बंद कारखान्याच्या जागेवर किंवा तिला लागून घर बांधायचं तर बोअरचं पाणी आणि माती प्रयोगशाळेतून तपासून घ्या. पाणी दिसायला स्वच्छ असलं तरीही.